पोलंडच्या सरदाराची भाऊबीज

हरिभाऊंनी डिकीतून पुस्तकांचा चौथा गठ्ठा बाहेर काढला, तेव्हा जयराजनं कमरेवर हात ठेवून आधी गठ्ठ्याकडं आणि मग थोरल्या भावाकडं पाहिलं.

"दादा, आवं कडेगावात एवढी वाचणारी माणसं न्हाईत. का सरदाराला लेकराबाळांसकट मुक्कामाला आणलंय?"

"शाळेला, वाचनालयाला, पाहुण्यारावळ्यांना... लागतील रे. उचल की तू! फौजेत काय नुसते सलामच ठोकलेस?"

"ह्यांना काही विचारू नका भावजी," राजेश्वरीबाई गाडीतून उतरत म्हणाल्या. "घरात सवत आहे हे मला लग्नाआधी कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या वाईच्या माहेरच्यांना फसवलंत तुम्ही."

जगदाळ्यांच्या घरात सरदार म्हटलं की तो एकच. यान ओस्त्रोरूग, साडेपाचशे वर्षांपूर्वीचा पोलंडचा उमराव. इटलीत जाऊन कायदा शिकून आलेला, आपल्या राजाच्या वतीनं रोमला जाऊन आलेला, आणि राज्य सुधारायचं तर काय काय करावं लागेल याचं एक स्मरणपत्र मागं ठेवून गेलेला. राजा कुणाचा मिंधा नको. पोलंडमधले खटले जर्मन न्यायालयात न्यायला नकोत. देशभर वजनमाप एकच असावं आणि कायदाही सगळ्यांना एकच असावा. लॅटिनमधलं ते स्मरणपत्र तसं काही फार मोठं नाही, पण हरिभाऊंना ते मराठीत आणायला एकतीस वर्षं लागली. तेवढ्या काळात जयराज फौजेत सुभेदार झाला, पेन्शनीत आला आणि वीस वर्षं मळ्यात ऊस करून त्याचे गुडघेही गेले.

हा सरदार घरात आणला वडलांनी, म्हणजे गुंडाआप्पांनी. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून देशोधडीला लागलेली माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणीत राहात होती. तरुण आप्पा एका कंत्राटदाराच्या गाडीवरून तिथं भाजी पोचवायचे. छावणी उठली तेव्हा तिथल्या मास्तरीणबाईंनी त्यांना आठवण म्हणून एक जाड वही दिली, निळ्या शाईत, पोलिश भाषेत लिहिलेल्या शाळेच्या धड्यांची. आप्पांना स्वतःचं नाव लिहिता यायचं तेवढंच. वही बियाण्याच्या पेटीत पडून राहिली. पुढं हरिभाऊ कॉलेजसाठी सांगलीला गेले, कुणाकुणाचे पाय धरून एकेक धडा लावून घेतला, आणि त्यातल्या एका धड्यात त्यांना सरदार भेटला. मग मिरजेच्या एका म्हाताऱ्या पाद्रींकडं रविवारच्या रविवारी सायकल मारत लॅटिनची घोकंपट्टी सुरू झाली. दिवाळीच्या आधल्या रविवारी सांगलीच्या विश्रामबागेत एकदाचं पुस्तक प्रकाशित झालं. चौऱ्याहत्तरीच्या हरिभाऊंचे पाय तेव्हापासून जमिनीला लागत नव्हते, आणि त्यात काही गैर नव्हतं.

पुढच्या सोप्यात पाऊल टाकताच स्वयंपाकघरातून अनसूयाबाईंचा आवाज आला. "दादा आला व्हय? आधी पाय धू. मग सांग तुझं कौतिक."

ही मधली बहीण, हरिभाऊंहून तीन वर्षांनी लहान. खंडाळ्याच्या ढमाळांत दिलेली. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. काल संध्याकाळीच मुकुलनं, तिच्या मुलानं, तिला गाडीनं आणलं होतं, आणि आल्यापासून ती जयराजच्या बायकोला, मनुबाईला, चुलीपुढून हलवून स्वतः करंज्या तळत होती. आई गेल्यानंतरची ही पहिली भाऊबीज. कुणी तसं बोलून दाखवलं नाही, पण देवघराशेजारच्या आईच्या खाटेवर कुणीच टेकत नव्हतं.

हरिभाऊ पाय धुऊन येतात तोच जयराजनं त्यांना खूण केली आणि गोठ्याकडं नेलं. म्हशीच्या गव्हाणीला टेकून त्यानं बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"सोमवारी अकराचा नंबर लागलाय. दुय्यम निबंधकाकडं. तुमची सही झालीच हाय, आता आक्काची घेतली की झालं."

"माझी सही? कशावर?"

"आवं, असं काय करताय? प्रकाशनादिवशी न्हाई का घेतली? तुमी पुस्तकावर सह्या करत व्हता, तवाच पुढं केला की कागद. हक्कसोडपत्र."

हरिभाऊंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. आप्पांनंतर मळा आईच्या नावावर होता. आई गेली आणि सातबाऱ्यावर तीन नावं लागली, हरी, जयराज आणि अनसूया. आता कागदावर लिहिलं होतं की अनसूया आपला तिसरा हिस्सा दोघा भावांच्या लाभात राजीखुशीनं, विनामोबदला, कायमचा सोडून देत आहे. खाली 'मान्य' म्हणून हरिभाऊंची सही होती. चांगली ऐसपैस, शेपटीला वेलांटी दिलेली, पुस्तकं वाटताना करत होते तशीच. एका लॅटिन शब्दासाठी चार-चार महिने अडून बसणाऱ्या माणसानं हा कागद न वाचता सही केली होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"अनूला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात?" जयराजला खरंच कळेना. "आपली रीतच हाय. थोरल्या आत्तीनं आप्पांना अशीच करून दिली, भाऊबीजेदिवशी. वटीच्या ताटात साडीखाली कागद ठिवायचा. बहीण साडी उचलती, सही करती. ना बोलणं, ना चालणं. आन् साडी बी साधी घेतली न्हाई, मनूनं दोनदा विट्याला जाऊन पसंत केली."

हरिभाऊ काहीतरी बोलायला गेले. पण जयराज इतक्या मायेनं त्या साडीचा रंग सांगायला लागला, आमसुली, आईला आवडायचा तसा, की त्यांनी तोंड उघडलं ते तसंच मिटलं. छत्तीस वर्षं वर्गात उभं राहून बोललेल्या माणसानं कागदाची घडी घालून तो धाकट्या भावाच्या हातात परत दिला. आपण भित्रे आहोत हे त्यांना ठाऊक होतं, आणि हेही ठाऊक होतं की पुस्तकात ते कुठं लिहिलेलं नाही.

सोप्यात दोन पाट मांडले होते. भोवती रांगोळी. मनुबाईनं निरांजन लावलं, मुकुलनं मोबाइल सरळ धरला फोटोसाठी. दोघे भाऊ टोप्या घालून पाटावर बसले. जयराजला गुडघ्यामुळं बसताना आईगं झालं, तसं राजेश्वरीबाईंनी हसून त्याच्या पाठीशी उशी सारली. समोर ताट होतं. त्यात आमसुली साडी, वर खण, नारळ, आणि साडीच्या घडीखालून डोकावणारा हिरवट स्टॅम्पपेपर.

अनसूयाबाई आल्या. ताटाकडं त्यांनी एकदा पाहिलं. मग ओवाळायला वाकण्याऐवजी चष्मा लावला आणि कमरेशी धरलेली कापडी पिशवी उघडून सरदाराचं पुस्तक काढलं.

"आक्का, वाचन मागनं कर," जयराज म्हणाला. "निरांजन वाऱ्यावर हाय."

"थांब रं जरा. दादाला एक विचारायचंय."

पुस्तकात जागोजागी एसटीची तिकिटं खोचलेली होती, अर्ध्या दराची, मशीनमधून निघतात ती पातळ. हरिभाऊंना गंमत वाटली आणि बरंही वाटलं. प्रकाशनाच्याही आधी, पंधरा दिवसांपूर्वी मुकुलबरोबर पहिली प्रत पाठवली होती. ती देवापुढं ठेवली जाईल, फार तर चार पानं चाळली जातील, असं त्यांनी धरलं होतं. अनू सातवीपर्यंत शिकलेली.

"सगळं वाचलंस?"

"शिरवळच्या दवाखान्यात जाते की गुडघ्याच्या शेकाला, जातायेता वाचलं. दोनदा." तिनं एक तिकीट बाजूला करून बोट ठेवलं आणि शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द सुटा वाचला. "'राज्यात कायदा एकच असावा, आणि तो सर्वांस सारखा लागू व्हावा.' हे त्यानं लिवलंय ना? तू मनचं घातलं न्हाईस?"

"त्यानंच लिहिलंय."

"मग ह्या 'सर्वांस'मधी लेकी येत्यात का?"

हरिभाऊंना एकतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. प्रस्तावना लिहिणाऱ्यानं नाही, प्रकाशनाच्या भाषणात नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःही नाही.

"लेकींचं वेगळं असं त्यानं काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही," ते सावकाश म्हणाले. "तो मोठा जहागीरदार. त्याच्या डोळ्यापुढं कोण होतं, सांगता येत नाही."

"त्याच्या डोळ्यापुढं कुणी का असंना. लिवलंय तर सर्वांस." अनसूयाबाईंनी पुस्तक मिटलं. "जया, साडी लय चांगली हाय. ती मी नेसणार. पर ह्या कागदावर मी सही करणार न्हाई."

निरांजन फडफडलं. मनुबाईनं पटकन पदराचा आडोसा धरला.

"आई!" मुकुलनं मोबाइल खाली केला. "मामा, शपथ सांगतो, मी तिला काहीही शिकवलेलं नाही. मला माहीतच नव्हतं."

"तू गप. तुला कोण विचारतंय?" आईनं त्याला बसवलं.

जयराज पाटावरून उठला. गुडघ्याची आठवणसुद्धा त्याला झाली नाही. "कशात कमी केलं आक्का मी? दाजींच्या आजारपणात म्हैनाभर पुण्यात त्या दवाखान्याच्या फरशीवर निजलो. दर संक्रांतीला तुझ्याकडं गाडी पाठवली. आईचं सगळं हिनं काढलं, तुझ्या वाटणीचं बी. तुला काय पायजे ते माग की! जमिनीत कशाला जीव गुतवतीस?"

"कशात बी कमी केलं न्हाईस. तुझ्यासारखा भाऊ पंचक्रोशीत न्हाई, हे मी खंडाळ्यात सगळ्यांना सांगते."

"मग?"

"वन्सं, असू दे ना," राजेश्वरीबाई मध्ये पडल्या. त्यांना भांडण सोसत नसे, चहा निवला तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "नाव राहिलं काय न् गेलं काय, माहेर तर तुमचंच आहे. सणाच्या दिवशी कशाला? सोमवारचं सोमवारी बघू."

"वैनी, सोमवारचं आजच बघायचं असतं, म्हणून तर कागद ताटात हाय." अनसूयाबाई खाली बसल्या, रांगोळी पुसू नये म्हणून बाजूला. आवाज चढलेला नव्हता. "माझं ऐका. सासरची जमीन कारखान्यांसाठी गेली, ती सासरे आणि दीरांच्या नावावर व्हती. घर ह्यांच्या नावावर, आता मुकुलच्या. रेशनकार्डावर मी सगळ्यात खाली. एकाहत्तर वर्सं झाली मला. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर एका कागदाच्या तुकड्यावर माझं नाव हाय. अनसूया गुंडा जगदाळे. तलाठ्यानं आईमागं लावलं. मी ते मोबाइलवर बघितलं तवा अर्धा तास हातात घेऊन बसले. ते तुमी खोडायला निघालाय, आन् वर साडी देताय."

हे ऐकून हरिभाऊंमधला वक्ता जागा झाला. तो नेहमी चुकीच्या वेळी जागा व्हायचा.

"बस," ते पाटावरून उठले. "जया, तो कागद फाड. माझा वाटा मी अनूला देतो. सगळा. मला पेन्शन आहे, विश्रामबागेत घर आहे, मळ्यात मी पाऊल ठेवत नाही. तुझं काही कमी होत नाही, तिचं काही जात नाही. भावाची भाऊबीज समज, अनू."

मुकुलच्या डोळ्यांत पाणी आलं. राजेश्वरीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, आणि कधी नव्हे ते त्यांना अभिमान वाटल्याचं चेहऱ्यावर दिसलं. हरिभाऊंचा ऊर भरून आला होता. इतकं मोठं वाक्य त्यांनी प्रकाशनाच्या दिवशीसुद्धा टाकलं नव्हतं.

अनसूयाबाई मात्र हसल्या. अगदी मनापासून, पदर तोंडाला लावून.

"दादा, एकतीस वर्सं ते पुस्तक लिवलंस, आन् अजून कळलं न्हाई व्हय तुला? तुझा वाटा मला नको. माझा हाय त्यो ऱ्हाऊ दे. तू दिलास तर ती तुझी मेहेरबानी. उद्या तुला राग आला तर? त्या तुझ्या सरदारानं राजाला काय मेहेरबानी करा म्हणून सांगितलं व्हतं? माप एकच धरा म्हणाला. तिसरा तुझा, तिसरा जयाचा, तिसरा माझा. झालं. ह्याच्यात मोठेपणा करायला जागाच न्हाई."

टोपी काढावी की ठेवावी हे हरिभाऊंना कळेना. राजेश्वरीबाईंनी हळूच त्यांचा सदरा ओढून खाली बसवलं.

"बराबर हाय वन्सं तुमचं," मागून आवाज आला. मनुबाई. नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती, निदान चारचौघांत. पदरानं अजून ती ज्योत राखत होती. "मी माझ्या भावांना दिली सही, लग्नाच्या दुसऱ्या सालीच. मला कुणी दम दिला न्हाई, हसत दिली. आता माहेरी गेले की भावजय विचारती, किती दिस ऱ्हाणार? पाहुणीला इचारतात तसं."

"तू कवा बोलली न्हाईस हे," जयराज म्हणाला.

"तुमी कवा इचारलं?"

जयराज कुणाकडंच बघेना. तो दारापाशी गेला आणि उंबऱ्यावर पाठमोरा उभा राहिला. अंगणापलीकडं तुरे आलेला ऊस दिसत होता, त्याच्या हातचा. आता हा चिडून निघून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. पण बोलला तेव्हा त्याचा आवाज सुभेदाराचा नव्हता.

"आक्का, तुला अर्जुनाआत्ती आठवती?"

"आठवती की."

"थोरल्या आत्तीनं सही दिली. अर्जुनाआत्तीनं दिली न्हाई, वाटा मागून घेतला. मी लहान व्हतो. दर भाऊबीजेला आप्पा न्हाऊनधुऊन पाटावर बसायचं. आई म्हणायची, उठा आता, कुणी येत न्हाई. मग आप्पा उठायचं. तवा त्यांच्याकडं बघवायचं न्हाई. मेलं तोवर ती आली न्हाई आक्का." त्यानं मनगटानं नाक पुसलं. "मला तीन एकर कमी झालं तर चालतंय गं. पर जिनं वाटा ठिवला ती भाऊबीजेला आली न्हाई, हे मी बघितलंय. मला तसं पाटावर बसायचं न्हाई."

त्याच्या मनात ही भीती आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकाच घरात वाढलेल्या, एकमेकांच्या पोरांची बारशी-लग्नं केलेल्या माणसांना ठाऊक नव्हतं. हरिभाऊंना आठवला तो पाट, त्यावरचे आप्पा, आणि कोपऱ्यात उभा असलेला चड्डीतला जया. त्यांनी त्या वेळी पुस्तकात डोकं घातलं होतं.

अनसूयाबाई उठून दारापाशी गेल्या. जयराजच्या पाठीवर थापट्या दिल्या.

"येड्या, आत्ती आली न्हाई कारण आप्पांनी बोलावलं न्हाई. पाट मांडला, पर सांगावा कुठं धाडला? मला आत्तीनं सांगितलंय. ती बी दर साली साडी नेसून खिडकीत बसायची, कडेगावचं कुणी येतंय का बघत."

जयराजनं वळून पाहिलं.

"दोघं बी हट्टी. आन् दोघं बी रडत मेली. आपल्याला तसं करायचंय व्हय? ऊस तूच कर. पाणी तूच दे, मला त्यातलं काय कळतं? एक गाडी वैरण बी मागणार न्हाई. फकस्त नाव ऱ्हाऊ दे. आन् पुढच्या साली बोलावणार का न्हाई, तेवढं सांग."

"बोलावणार म्हंजे? घ्यायला येतो की मी!" जयराज जवळजवळ ओरडला. "न्हाई आलीस तर उचलून आणतो!"

"मग बस पाटावर. निरांजन इझायला लागलंय."

तो बसला. अनसूयाबाईंनी त्याला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, आणि सावकाश ओवाळलं. मग हरिभाऊंना. जयराजनं ताटात हात घातला, साडीखालचा कागद काढून मागं टाकला आणि साडी दोन्ही हातांनी तिच्यापुढं केली.

"फोटो राहिला," मुकुल म्हणाला. "परत करा."

"परत कशाला? मी काय नटी हाय?" असं म्हणत तिनं परत ओवाळलं.

जेवणं झाली. मनुबाई खंडाळ्याला द्यायचा फराळ डब्यात भरायला बसली. डब्याच्या तळाला घालायला तिला कागद हवा होता, तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि तो हिरवट कागद उचलला. "जाड हाय चांगला. तेल पित न्हाई," ती म्हणाली, आणि हरिभाऊंची वेलांटीवाली सही करंज्यांखाली गेली. जयराज उशीला टेकून घोरत होता.

हरिभाऊ सोप्यात गठ्ठ्यांपाशी एकटेच बसले होते. हातात अनूची प्रत होती. किती तिकिटं खोचली आहेत ते ते बघत होते. वजनमापाच्या कलमाला एक. कायद्याच्या कलमाला दोन. परक्या न्यायालयाच्या कलमाला एक. आणि एक तिकीट भलत्याच जागी होतं, अगदी सुरुवातीला, ऋणनिर्देशाच्या पानात.

त्यांनी ते पान वाचलं. स्वतःच लिहिलेलं, पण पहिल्यांदाच वाचावं तसं. आप्पांचे आभार होते. मिरजेच्या पाद्रींचे होते. राजेश्वरीचे, तिच्या सोशिकपणाबद्दल. जयराजचे, 'त्याने मळा सांभाळला म्हणून मी पुस्तके सांभाळू शकलो' असे. ग्रंथपालांचे, छापखान्याचे, मुद्रितं तपासणाऱ्यांचे. दोन ओळींत गमतीनं त्या जुन्या सायकलचेही.

सांगलीत गावभागातली खोली. डोक्यावर अकरा पत्रे, एक खिडकी. एकोणिसाव्या वर्षी त्यांना तिथं खाणावळ परवडत नव्हती, म्हणून आप्पांनी अनूला धाडलं होतं भाकरी करायला. दोन वर्षं. पंधरा-सोळा वर्षांची पोर. संध्याकाळी स्टोव्हवर भाजी शिजत असायची आणि ती आप्पांची निळ्या शाईची वही मांडीवर घेऊन एकेक पान उघडं धरायची, कारण शिवण सुटली होती आणि दोन्ही हात लागायचे. हरिभाऊ पानावरची न कळणारी अक्षरं उतरवून घ्यायचे. 'हे काय लिवलंय रं?' ती विचारायची. 'कळलं की तुला पहिल्यांदा सांगीन,' असं ते म्हणायचे. परत आल्यावर तिचं लग्न झालं. पुढच्या शाळेचं तिला कुणी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून अनसूयाबाई हात पुसत आल्या.

"अनू," त्यांनी पान पुढं केलं. "इथं तिकीट का घातलंस?"

ती थोडी गांगरली. सकाळी सगळ्यांपुढं न गांगरलेली, आता गांगरली. "काय न्हाई. कोण कोण हाय ते बघत व्हते."

"दोनदा वाचलंस म्हणालीस."

"पयल्यांदा वाटलं, चष्म्यामुळं सुटलं आसंल."

हरिभाऊंना रडू आलं. लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हातारा माणूस रडतो तसे ते आवाज न करता रडले. ती शेजारी बसली. त्यांच्या पाठीवर ती थापट्या देत राहिली, मघाशी जयराजला दिल्या तशाच.

"सोड की रं. सायकल तरी हाय न्हवं त्यात," ती म्हणाली, आणि मग दोघंही हसायला लागली.

हरिभाऊंनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं, पहिल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली. वरचं पुस्तक घेतलं, ऋणनिर्देशाचं पान काढलं आणि आप्पांच्या नावाखालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'माझी बहीण अनसूया गुंडा जगदाळे. वहीचे प्रत्येक पान हिने उघडे धरले.'

"किती हाईत अशी?" तिनं गठ्ठ्यांकडं बघत विचारलं.

"इथं दोनशे. सांगलीला तीनशे."

"सगळ्यांत लिवणार?"

"सगळ्यांत."

अनसूयाबाईंनी मांडी घातली, दुसरं पुस्तक उचललं, बरोबर ते पान काढलं आणि मिटू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी लिहिलं. तिनं चष्मा सारखा करून पहिल्या पुस्तकातलं नि ह्या पुस्तकातलं ताडून पाहिलं.

"अक्षर बारीक झालं ह्यात," ती म्हणाली. "नीट लिव. सगळ्यांत सारखंच पायजे."